बेचाळिसावी नोंद

कोर्टात साक्षीदार बोलायचा आणि मी टाइप करायचे. सोळा वर्षं मी हेच काम केलं. साक्षीदार रडला तरी माझी बोटं थांबायची नाहीत, आणि तो थापा मारतोय हे दिसत असलं तरी त्याच्या तोंडून आलेला शब्द मी कधी बदलला नाही. आमचे न्यायाधीश एकदा दोन भांडणाऱ्या वकिलांना म्हणाले होते, "बाईंच्या कागदात नाही ना? मग ते कुणी बोललेलंच नाही." ते वाक्य मी त्या संध्याकाळी नवऱ्याला दोनदा ऐकवलं. तिसऱ्यांदा सुरू केलं तेव्हा तो हात जोडून उठून गेला.

हे आधी सांगते, कारण पुढचं सांगणारी बाई कशी आहे हे कळलेलं बरं. मला भास होत नाहीत. स्वप्नंसुद्धा पडतात ती फार तर बस चुकल्याची.

सरकारी वकिलांच्या ऑफिसात तपास-सहाय्यकाची जागा निघणार होती. अट एकच, गुन्हे-तपासातली पदव्युत्तर पदवी. चाळिशी उलटल्यावर कॉलेजच्या बाकावर जाऊन बसणं जमण्यातलं नव्हतं, म्हणून ऑनलाइन अभ्यासक्रमाला नाव घातलं. दर रविवारी सकाळी दहा ते एक वर्ग. मागच्या छोट्या खोलीत इस्त्रीचं टेबल होतं, त्यावरची इस्त्री कपाटात गेली आणि लॅपटॉप आला. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर. तो म्हणाला, "तू शीक, रविवारचा स्वयंपाक मी बघतो." पहिले दोन रविवार तो नुसताच बघत उभा होता. पण पुढे जमायला लागलं त्याला.

बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी सासऱ्यांची खुर्ची. बाबा शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी हाताशी वही आणि खिशात पेन्सिल कायम. मी नाव घातल्याचं कळलं तेव्हा ते म्हणाले, "चोर पकडायचे असतील तर माणसांचे कान बघायला शीक. नाक सगळेच बघतात." आमची नऊ वर्षांची लेक चिमणी त्यानंतर आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याचे कान बघत होती.

वर्गात आम्ही तेवीस जण. अग्निशमन दलातून निवृत्त झालेले एक काका, ड्यूटी संपवून युनिफॉर्मवरच वर्गाला बसणारी एक नर्स, बाकी बहुतेक तरुण. शिकवायला एक जुने तपास अधिकारी. हळू बोलायचे आणि बोलताना टेबलावरच्या वस्तू सारख्या सरळ करायचे.

दुसऱ्या सत्रात विषय आला, साक्षीदाराची स्मृती. सरांनी अडीच मिनिटांची एक चित्रफीत दाखवली. आवाज नाही. साधा रस्ता, दिवसाचा उजेड. डावीकडे मागे दिव्याचा खांब, त्याच्या अलीकडे बंद शटरचं दुकान, अगदी पुढे भिंतीला टेकवलेली सायकल. एक बाई पिशवी घेऊन जाते. एक कुत्रं येतं, बसतं, उठून जातं. एक पांढरी व्हॅन थांबते आणि निघते. फीत एकदाच बघायची, मग वीस मिनिटांत जे जे दिसलं ते लिहून पाठवायचं.

मी एकेचाळीस नोंदी लिहिल्या. व्हॅनचा नंबर, कुत्र्याचा दुमडलेला डावा कान, सायकलची निघालेली चेन, सगळं. पाठवताना मनात थोडी ऐट होती, ती नाकारत नाही.

पुढच्या रविवारी सरांनी सगळ्यांचे कागद काढले. "व्हॅनचा नंबर फक्त एकीला आला," ते म्हणाले, आणि मी खुर्चीत जरा सरळ बसले. "पण गंमत बघा. त्याच बाईंच्या कागदात तो माणूस नाही."

"कोणता माणूस?" मी माइक चालू करून विचारलं.

दोनचार जण हसले. मला वाटलं, आपल्याला गमतीत घेताहेत.

"राखाडी स्वेटरवाला," अग्निशमनवाले काका म्हणाले. "खांबापाशी उभा आहे. दोन्ही हात मागे. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

"हलत नाही अजिबात," नर्स म्हणाली. "आपला नंबर लागायची वाट बघत असल्यासारखा."

बावीस कागदांत तो होता. फक्त माझ्यात नव्हता. सर समजुतीने म्हणाले की असं होतं, मन एका गोष्टीत गुंतलं की नाकासमोरचं दिसत नाही, म्हणून तर हा धडा. मग त्यांनी फीत पुन्हा लावली, खांबापाशी थांबवली आणि माउसचा बाण फिरवून दाखवला. "हा काय."

बाण रिकाम्या फुटपाथवर गोल गोल फिरत होता. फरशा दिसत होत्या. दोन फरशांच्या फटीत उगवलेलं गवत दिसत होतं.

"दिसला?"

"हो," मी म्हणाले. "दिसला."

सोळा वर्षांत मी कुणाची खोटी साक्ष लिहून घेतली असेल, स्वतः दिली नव्हती. मी माइक बंद केला.

वर्गानंतर फीत विद्यापीठाच्या संकेतस्थळावर सगळ्यांना खुली झाली होती, ती त्या दुपारी मी नवऱ्याला दाखवली. काही न सांगता. ओल्या हातांनी तो वाकून बघत राहिला.

"काय शोधायचंय?"

"जे दिसतं ते सांग."

"बाई, कुत्रं, व्हॅन. आणि हा स्वेटरवाला, शटरपाशी."

"खांबापाशी म्हणायचंय का तुला?"

"खांब मागे राहिला की. हा शटरपाशी उभा आहे." त्याने स्क्रीनवर बोट टेकवलं. बोटाखाली फक्त शटर होतं, आणि आता त्याच्या बोटाचा ओला ठसा.

सोमवारी चिमणीने बघितली. ती म्हणाली, माणूस कुत्र्याच्या मागे उभा आहे. बुधवारी मी नर्सला फोन करून पुन्हा बघायला सांगितलं.

"सायकलपाशी आहे," ती म्हणाली. "आधी खांबापाशी होता ना हो ताई? की मीच चुकीचं लिहिलं होतं?"

मी एका कागदावर रकाने आखले. कोणी पाहिलं, कधी पाहिलं, तो कुठे होता. अभ्यासात शिकवतात तसं, प्रत्येकाला वेगळं गाठून, आधी काही न सुचवता. खांब, शटर, कुत्रं, सायकल. मग रस्त्याचा नकाशा काढून फुल्या मारल्या. प्रत्येक फुली आधीच्या फुलीपेक्षा कॅमेऱ्याच्या जवळ होती. विद्यापीठाच्या मदतकेंद्राला फोन केला. तिथल्या मुलीने तपासून सांगितलं, फीत चार वर्षांपूर्वी चढवली तशीच आहे, तिला कुणी हात लावलेला नाही.

मग दोष माझ्या डोळ्यांत असणार. शुक्रवारी अर्धी रजा टाकून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी औषध घातलं, भिंग लावलं, अक्षरं वाचून घेतली. नंबरसुद्धा बदलला नव्हता. उठता उठता मी लॅपटॉप उघडला आणि म्हटलं, "डॉक्टर, एवढं एक बघाल?"

त्यांनी बघितलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा बघितलं.

"रस्ता दिसत नाही धड. हे गृहस्थ एवढे पुढ्यात उभे आहेत."

"कसे आहेत दिसायला?"

"आहेत आपले चारचौघांसारखे." ते अवघडून हसले. "तुमच्या ओळखीचे का?"

"नाही. का?"

"तुमच्याकडेच बघताहेत असं वाटलं," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी लॅपटॉपचं झाकण हलकेच खाली केलं. जेवणाच्या ताटावर झाकण ठेवावं तसं.

मी काय विचार करत होते ते आज नीट सांगता येत नाही. भीती नव्हती. गणिताचं उत्तर दरवेळी वेगळं यावं तसं झालं होतं. एवढी सगळी शहाणी माणसं एक बोलतात आणि मी दुसरं. कोर्टात असा साक्षीदार आला असता तर त्याच्या साक्षीचं काय होतं, ते मला पाठ होतं.

शनिवारी सकाळी मी बाबांच्या पुढ्यात फीत ठेवली आणि म्हटलं, "यातला माणूस मला काढून द्या."

बाबांनी दोन मिनिटं बघितलं, वही मांडीवर घेतली आणि सुरुवात केली. मी शेजारी स्टूल घेऊन बसले. त्यांनी खांब काढला, शटरच्या आडव्या रेघा काढल्या, सायकलचं चाक काढलं. मग हात मधोमध आला. पेन्सिल खरखरत होती. बाबा मान तिरकी करून बघत, पुसत, पुन्हा काढत. एकदा पेन्सिलीला टोक केलं. मध्येच म्हणाले, "कान बघ कसा आहे. पाळी सुटलेली नाही, गालाला चिकटलेली." पंधरा मिनिटं त्यांचा हात तिथेच चालला होता.

कागद मधोमध कोरा होता.

मी बघत होते. पापणी न लववता. पेन्सिलीचं टोक कागदावरून फिरत होतं, शिसं झिजताना दिसत होतं, आणि मागे पांढरा कागद राहत होता. मी बोट फिरवलं. रेघांचे खळगे बोटाला लागले. खांदा लागला, कपाळ लागलं. बोट उचललं तेव्हा त्याला राखाडी भुकटी होती.

"पुसशील," बाबा म्हणाले. "जमलाय ना?"

"जमलाय," मी म्हणाले. दुसरी खोटी साक्ष.

रविवारी वर्ग सुरू झाला. सरांनी टेबलावरचं पेन सरळ केलं, वही सरळ केली, पुन्हा पेन सरळ केलं.

"त्या चित्रफितीची अधिकृत यादी विभागाकडून आली आहे," शेवटी ते म्हणाले. "चित्रण केलं तेव्हाच केलेली. त्यात एकेचाळीस नोंदी आहेत." त्यांनी माझ्या नावाचा चौकोन मोठा केला असावा, कारण ते थेट माझ्याकडे बघत होते. "बाई, तुमच्या एकेचाळीसच्या एकेचाळीस बरोबर आहेत. यादीत माणूस नाही. मी सकाळी फीत पुन्हा पाहिली. फितीतही नाही."

बावीस चौकोनांतले बावीस चेहरे स्क्रीनजवळ सरकले.

"पण सर, तुम्ही स्वतः बाण फिरवून..." नर्स म्हणाली.

"हो." सरांनी घसा साफ केला. "पुढचा धडा घेऊ."

मला पूर्ण गुण मिळाले. आनंद व्हायला हवा होता. जेवताना मी नवऱ्याला पुन्हा फीत दाखवली.

"कुणी नाही," तो म्हणाला.

"मागच्या रविवारी शटरपाशी दाखवला होतास."

"होता ना. गेला असेल."

"व्हिडिओतून कुठे जाईल?"

त्याने घास हातात धरून माझ्याकडे बघितलं. चूक कुठे झाली ते त्यालाही कळत नव्हतं. "खरंच की," तो म्हणाला. मग आम्ही जेवण संपवलं.

त्यानंतर सहा आठवडे काही घडलं नाही. निदान लिहून ठेवण्यासारखं नाही. कोर्टातला शिपाई माझ्यासाठी दार धरायचा आणि मी आत गेल्यावरही क्षणभर धरूनच ठेवायचा. मी मनावर घेतलं नाही. परीक्षा जवळ आली होती आणि जागेची जाहिरातही निघाली होती.

शेवटचा पेपर शनिवारी सकाळी अकराला होता. नवरा चिमणीला घेऊन पोहायच्या वर्गाला गेला होता. बाबा खिडकीपाशी. मी खोलीचं दार लावलं, पाण्याची बाटली ठेवली, लॅपटॉप उघडला.

पर्यवेक्षक म्हणून एक तरुण बाई स्क्रीनवर आली. तिने नियम वाचून दाखवले. खोलीत दुसरं कुणी नको. दोन तास खुर्ची सोडायची नाही. कॅमेऱ्यासमोरून उठलात तर पेपर बाद, आणि पुढची संधी वर्षभराने.

"कॅमेरा फिरवून खोली दाखवा."

मी लॅपटॉप उचलून सावकाश फिरवला. कपाट. भिंत. दार. पुन्हा टेबल.

"ठीक आहे," ती म्हणाली. "आता त्यांना बाहेर जायला सांगा."

"कुणाला?"

"मॅडम, वेळ जातोय." ती नम्रपणेच बोलत होती. "घरचे असतात मदतीला, कळतं आम्हाला. पण नियम आहे."

मी मागे वळून बघितलं. कपाट. भिंत. बंद दार.

"इथे कुणी नाही," मी म्हणाले.

तिने कपाळाला आठ्या घातल्या. तिची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली आणि तिथेच थांबली. हाताखालच्या कागदावर तिने काहीतरी लिहायला घेतलं.

पेपर बाद झाला असता.

मी घड्याळाकडे बघितलं. मग रिकाम्या खोलीत, मोठ्याने, पाहुण्याला सांगावं तसं म्हटलं, "जरा बाहेर बसता का?"

काहीच झालं नाही. फक्त स्क्रीनवरच्या बाईची नजर सावकाश डावीकडून उजवीकडे सरकली.

"थँक यू," ती म्हणाली. "दार लावून घ्या, मग सुरू करू."

मी वळले. दार उघडं होतं.

दारापर्यंत गेले. बाहेरच्या खोलीत बाबा खुर्चीतून अर्धवट उठले होते. घरी कुणी मोठं माणूस आलं की उठतात तसे.

"या, या," ते म्हणत होते. "बसा ना."

माझा हात कडीवर होता. मागून पर्यवेक्षक बाईचा आवाज आला, "मॅडम?"

मी दार लावलं. परत येऊन बसले. पेपर सुरू झाला.

दोन तास मी लिहिलं. सगळे प्रश्न सोडवले. दाराबाहेरून बाबांचा आवाज येत होता. ते बोलायचे, थांबायचे, ऐकायचे, पुन्हा बोलायचे. एकदा मनापासून हसले. एकदा त्यांनी चिमणीच्या शाळेचं नाव सांगितलेलं ऐकू आलं. मी उठले नाही.

एक वाजून दहा मिनिटांनी स्क्रीन बंद झाली. मी दार उघडलं.

बाबांच्या समोर जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची ओढून ठेवली होती. रिकामी. बाबा पुढे वाकून ऐकत होते, मान हलवत होते.

"बाबा, कोण आलंय?"

त्यांनी वर बघितलं नाही. मी जवळ गेले. त्यांच्या खुर्चीच्या हातावर हात ठेवला, त्यांच्या हाताच्या अगदी शेजारी.

"बाबा."

त्यांनी मान वर केली. माझ्या आरपार, मागच्या उघड्या दाराकडे बघितलं.

"वाऱ्याने उघडलं वाटतं दार," ते समोरच्या खुर्चीला म्हणाले. "तुम्ही बसा हो अजून पाच मिनिटं. पेपर संपला की येईलच ती बाहेर."